येणाऱ्यांवर चालणारा तालुका

पंढरपुरात पावसाळ्यात अनेकदा असं होतं, की गावात टिपूस नसतो आणि चंद्रभागेला, म्हणजे इथल्या भीमेला, पूर असतो. डोक्यावर ऊन, रस्ते कोरडे, आणि वाळवंटातली देवळं पाण्याखाली. हे पाणी मुळात पंढरपूरचं नसतं. ते भीमाशंकर, लोणावळा, मुळशी, पानशेतच्या डोंगरांत पडलेलं असतं आणि भीमेनं ते उजनी धरणापर्यंत आणलेलं असतं. दुसऱ्या बाजूनं नीरा भोरच्या घाटमाथ्यावरचं पाणी घेऊन येते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळते. भीमेवरच्या उजनी आणि नीरेवरच्या वीर या दोन्ही धरणांतून एकाच वेळी पाणी सुटलं, की पंढरपूरच्या नदीकाठच्या सखल वस्त्यांतली माणसं सामान बांधायला लागतात. त्या दिवसांत गावात पाऊस किती झाला हे कुणी विचारत नाही. ‘उजनीतून किती सोडलं?’ एवढंच विचारलं जातं.

या तालुक्याची अर्थव्यवस्था समजून घ्यायची, तर हाच धागा धरून पुढे जावं लागतं. इथं शेतीचं पाणी बाहेरून येतं. बाजारातला पैसा बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूंच्या खिशातून येतो. उभा ऊस तोडणारे हात बाहेरून येतात. चुरमुऱ्याचा भात, कुंकवाची हळद, देवाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा वस्तू बाहेरून येतात. तालुका राबतो खूप, पण ज्या तीन गोष्टींवर तो उभा आहे, त्या पाणी, पाहुणे आणि मजूर या तिन्ही गोष्टी त्याच्या हद्दीबाहेर ठरतात.

माणसं किती, जमीन किती

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार ७५६, आणि क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला २९० माणसं. त्यात पंढरपूर तालुका सुमारे १,३०० चौरस किलोमीटरचा, आणि लोकसंख्या साधारण ४ लाख ४२ हजार. तालुक्यात शहर एकच, ते म्हणजे पंढरपूर. त्याची लोकसंख्या तेव्हा ९८,९२३ होती. उरलेली सुमारे साडेतीन लाख माणसं करकंब, कासेगाव, भाळवणी, गुरसाळे, भोसे, तुंगत, खर्डी अशा गावांत आणि त्यांच्या वाड्या-वस्त्यांवर राहतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचे अधिकृत आकडे अजून यायचे आहेत.

या आकड्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. आषाढीला ज्या गावात दहा लाखांहून अधिक माणसं उतरतात, ते गाव स्वतः लाखाच्याही आत होतं. २००१ मध्ये पंढरपूर शहर ९१ हजारांच्या घरात होतं. दहा वर्षांत वाढ जेमतेम आठ टक्के, आणि त्याच काळात महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. माणसं इथं येतात, पण इथं राहत नाहीत. राहणारे मात्र बाहेर जातात. त्याकडे पुढे वळू.

आता हेच आकडे जगातल्या दुसऱ्या एका शेतीप्रधान मुलखाशेजारी ठेवून पाहू. अमेरिकेतलं आयोवा हे राज्य मका, सोयाबीन, डुकरं आणि अंडी यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचं क्षेत्रफळ सोलापूर जिल्ह्याच्या जवळजवळ दसपट. लोकसंख्या मात्र २०२० मध्ये ३१ लाख ९० हजार, म्हणजे एकट्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा अकरा लाखांनी कमी. चौरस किलोमीटरला बावीस माणसं आणि माणसामागे सात डुकरं, असा तो हिशेब आहे. तिथं एका शेताचा सरासरी आकार ३४५ एकर. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. आयोवातलं एक शेत म्हणजे आपल्याकडची शंभर कुटुंबं.

फरक नुसता आकाराचा नाही. आयोवात वर्षाला साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, जमीन काळी आणि खोल आहे, आणि बहुतेक शेती पावसावरच होते. तिथल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या खटाटोप केला तो जमिनीतलं जास्तीचं पाणी बाहेर काढण्याचा. त्यासाठी शेतांखालून नळ्या घातल्या. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. इथं सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. पडला तर सप्टेंबरात एकदम कोसळतो. आयोवाची शेती आभाळावर उभी आहे. पंढरपूरची उसाची शेती वरच्या जिल्ह्यातल्या आभाळावर उभी आहे.

एकशे सतरा टीएमसीचा हिशेब

धरणाआधीचा पंढरपूर तालुका ज्वारीचा होता. भीमेकाठच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी, जोडीला करडई आणि हरभरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि पुढं जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक न्यायचं. याच मुलखातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात ‘मालदांडी ३५-१’ हे वाण निवडलं गेलं. इतक्या वर्षांत कितीतरी नवी वाणं आली, तरी भाकरीची चव आणि कडब्याचं वजन या दोन गोष्टींसाठी शेतकरी अजूनही मालदांडीचं नाव घेतो. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कोरडवाहू शेतीचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून १९३३ मध्ये देशात जी मोजकी केंद्रं निघाली, त्यांतलं एक सोलापूरला होतं. ‘कमी पाण्यात काय पिकवायचं’ हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. मधल्या काळात तो बाजूला पडला, इतकंच.

तो बाजूला पडला १९८० नंतर. भीमेवर माढा तालुक्यात उजनीचं धरण उभं राहिलं. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). कोयनेहून आणि जायकवाडीहूनही जास्त. पण यातली मेख अशी, की त्यातला जवळपास ६३ टीएमसी साठा मृत आहे, म्हणजे कालव्याच्या दरवाजांच्या पातळीखालचा. वापरता येणारा साठा उरतो सुमारे ५३ टीएमसी. म्हणून ‘उजनी शंभर टक्के’ ही बातमी आणि ‘उजनी वजा चाळीस टक्के’ ही बातमी या दोन्ही एकाच वर्षात वाचायला मिळतात. वजा टक्के म्हणजे मृतसाठ्याला हात लागला. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली.

या पाण्याचे दावेदार किती, ते पाहा. डावा आणि उजवा कालवा. भीमा-सीना जोडकालव्यातून सीनेकाठची गावं. धरणाच्या फुगवट्यावरच्या उपसा योजना. सोलापूर शहराचं पिणं, ज्यासाठी वर्षानुवर्षं पाणी नदीपात्रातून सोडलं गेलं. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा यांचं पिणं. कारखाने. शिवाय आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत स्नानापुरतं पाणी हवं म्हणून सोडलं जाणारं आवर्तन. नदीत पाणी सुटलं, की दोन्ही काठांवरच्या मोटारी सुरू होतात. कोल्हापुरी बंधाऱ्यांना बर्गे टाकून ते अडवलं जातं, आणि खालच्या गावांची ओरड सुरू होते. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याला पाळी वेळेवर; टेलच्या शेतकऱ्याला निरोप तेवढा वेळेवर. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांची पाण्याची मागणी निवडणुकांमागून निवडणुका गाजत राहिली, ती याच कारणानं.

वरून येणारं पाणी नुसतं कमी-जास्त होत नाही, ते घाणही घेऊन येतं. मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन शेवटी भीमेला मिळतात आणि ते सगळं उजनीत साचतं. उन्हाळ्यात धरणाच्या कडेला दिसणारा हिरवा तवंग हा त्याचाच परिणाम. ज्या इंद्रायणीकाठून आळंदीची आणि देहूची पालखी निघते, त्या इंद्रायणीचं पाणीसुद्धा पालखीसारखंच पंढरपूरला पोचतं.

उसाचं गणित

उसाला या भागात आणलं ते नीरेच्या उजव्या कालव्यानं. १९३० च्या दशकात शेजारच्या माळशिरस तालुक्यात या कालव्याच्या भरवशावर सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरचा कारखाना काढला. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. पुढे सहकाराची लाट आली. उजनीच्या पाण्यानं पंढरपूर तालुक्यात गुरसाळ्याला औदुंबरअण्णा पाटलांच्या पुढाकारानं विठ्ठल कारखाना झाला, भाळवणीला वसंतराव काळे यांच्या नावाचा कारखाना झाला. आज राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. ज्या जिल्ह्याची ओळख दुष्काळ अशी होती, तिथली ही गोष्ट आहे.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात आणि तो सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. पाटानं पाणी दिलं तर त्याला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागतं. म्हणजे एकराला एक कोटी वीस लाख लिटर. त्याच एकरावर वर्षभरात आभाळातून पडतात सुमारे बावीस लाख लिटर. उरलेलं सगळं कालव्यातून, नदीतून किंवा बोअरमधून आणायचं. ठिबकवर नेलं तर चाळीस टक्क्यांच्या आसपास बचत होते. तरीही पाटपाणी सुटत नाही, कारण पाळी आली की रान भिजवून घ्यायचं, पुढची कधी येईल कुणी सांगावं, हा हिशेब शेतकऱ्याच्या दृष्टीनं चुकीचा नसतो. काळ्या खोल रानात असं वर्षानुवर्षं पाणी दिलं, की निचरा होत नाही, क्षार वर येतात आणि रान चोपण पडतं. ‘को ८६०३२’पेक्षा ‘फुले २६५’ अशा रानात तग धरतं म्हणून ते पसरलं. वाण बदललं, जमीन काही सुधारली नाही.

मग शेतकरी ऊसच का लावतो? उत्तर सोपं आहे. उसाला सरकारनं बांधून दिलेला दर आहे. २०२४-२५ च्या हंगामात सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी होती; त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते. कायद्यानं चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं. ते अनेकदा थकतं, आंदोलनं होतात, पण बुडतं क्वचित. गारपिटीत ऊस सहसा मातीमोल होत नाही, बाजारात त्याची बोली लागत नाही, रोज उठून फवारणी करावी लागत नाही. सोसायटीचं कर्ज उसावर मिळतं. शिवाय पोरगा पुण्याला नोकरीला असला तरी ऊस गावात एकटा वाढतो. जोखीम कमी आणि माणूस कमी लागणारं पीक म्हणून ऊस टिकला. त्याचं पाणी महाग आहे, पण ते पाणी शेतकऱ्याला स्वस्तात पडतं.

आयोवातला मका आणि पंढरपूरचा ऊस इथं एकमेकांना भेटतात. आयोवाच्या मक्याचा निम्म्याहून अधिक भाग इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, म्हणजे शेवटी गाडीच्या टाकीत. आपल्याकडेही साखरेचे भाव पडले तेव्हा कारखाने इथेनॉलकडे वळले. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, आणि नव्या डिस्टिलरीसाठी कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांची पंचाईत झाली. दोन्हीकडे शेतमालाची किंमत शेतात ठरत नाही. ती राजधानीतल्या एका परिपत्रकानं वर-खाली होते.

कोयता

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून, जतमधून, अगदी शेजारच्या मंगळवेढा-सांगोल्याच्या कोरडवाहू गावांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच त्यांना उचल देऊन ठेवतो. कारखान्याकडून ती मुकादमाकडे आणि मुकादमाकडून जोडीकडे जाते. मग सहा महिने ती फेडायची. पहाटे थंडीत फडात उतरायचं. पुरुष बुडक्यातून ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते, आणि ट्रॅक्टर आला की दोघांनी मोळ्या डोक्यावरून फळीवर चढवायच्या. गाडी अपरात्री आली तर अपरात्री भरायची. वाढं विकून चार पैसे सुटतात. पालावर आई-बापांबरोबर आलेली पोरं असतात. त्यांची शाळा गावाकडे राहिलेली असते.

शेतकऱ्याचीही दुसरी बाजू आहे. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयकडे खेटे घालायचे, तोड लवकर मिळावी म्हणून ‘खुशाली’ द्यायची, ड्रायव्हरची ‘एंट्री’ वेगळी. तोड लांबली की ऊस तुरा टाकतो आणि वजन घटतं. हार्वेस्टर येऊ लागले आहेत, पण दोन-तीन एकरांच्या तुकड्यात आणि अरुंद सऱ्यांत मोठं यंत्र फिरवणं परवडत नाही. त्यामुळे कोयता अजून आहे.

बाहेरून येणाऱ्या हातांवर उभी असलेली गावं अमेरिकेतही आहेत. आयोवातले मांसप्रक्रियेचे कारखाने मोठ्या प्रमाणावर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांवर चालतात. पोस्टव्हिल नावाच्या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात १२ मे २००८ रोजी तिथल्या कारखान्यावर इमिग्रेशन खात्याचा छापा पडला आणि एका दिवसात ३८९ जणांना अटक झाली. त्याच वर्षी कारखान्यानं दिवाळखोरी जाहीर केली. दुकानं ओस पडली, भाड्याची घरं रिकामी झाली. ज्यांची गावात गणना नव्हती, ते गेल्यावर गाव कशावर चाललं होतं हे कळलं.

कमी पाण्याचा पैसा

तालुक्यात सगळीकडे उसाचंच राज्य नाही. नदीपासून दूर गेलं की मुरमाड, हलकी रानं लागतात. कासेगाव आणि त्याच्या आसपासच्या गावांनी अशा रानावर द्राक्षं पिकवली. द्राक्षाला उसाच्या निम्म्याहून कमी पाणी लागतं, ते ठिबकनं देतात, आणि उन्हाळ्यासाठी कागद अंथरलेल्या शेततळ्यात साठवून ठेवतात. द्राक्षाच्या बाबतीत हा जिल्हा नुसता अनुकरण करणारा नाही. उत्तर सोलापुरातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीनं ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ ही वाणं काढली, ती नाशिक-सांगलीपर्यंत गेली.

वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ज्यात पुढच्या मालाची काडी तयार होते; ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, ज्यातून घड येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरतो. ताज्या द्राक्षाचा भाव पडला तर शेतकऱ्याला थांबता येत नाही, म्हणून बेदाणा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल पाण्यात मिसळून त्या द्रावणात घड बुडवायचे. त्यानं सालीवरचं मेणचट आवरण सैल होतं आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर ते पसरायचे. वर सावली, चारी बाजूंनी कोरडा वारा. पंधरा-वीस दिवसांत घड सुकतो, जाळी हलवली की मणी खाली झडतात. देठ काढणं, निवडणं, प्रतवारी लावणं हे काम बहुतेक बायकांच्या हातचं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. पंढरपूरच्या बाजार समितीत त्याचे सौदे निघतात. तो शीतगृहात ठेवता येतो आणि भाव पाहून काढता येतो. कोरडी हवा हे इथलं दुखणं. बेदाण्यानं त्या दुखण्याचेच पैसे केले. धोका एकच, तो म्हणजे अवकाळी. शेडवर माल असताना दोन दिवस ढग राहिले तरी मणी काळा पडतो.

डाळिंबाचंही तसंच. सांगोल्याच्या माळरानावरून ते पंढरपूरच्या दक्षिण भागात आलं. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. पण तेल्या आणि मर या दोन रोगांनी उभ्या बागा काढायला लावल्या. डाळिंबाचा पैसा मोठा आणि भीतीही तेवढीच. उसाशी तुलना करताना ही भीती विसरून चालत नाही.

लांब शिंगांची म्हैस

या तालुक्याचं नाव मिरवणारी एक जात आहे: पंढरपुरी म्हैस. अंगानं मध्यम, तोंड लांब, आणि शिंगं तलवारीसारखी मागं वळून खांद्याच्याही पलीकडे गेलेली. ती मुऱ्हाएवढं दूध देत नाही. पण कडब्यावर आणि वाढ्यावर भागवते, ऊन सोसते, वेळेवर गाभण राहते. कोल्हापूरच्या गवळ्यांनी तिला आपलंसं केलं ते आणखी एका गुणासाठी: ती दारोदार फिरवली, जागा बदलली, तरी धार देते. गिऱ्हाइकासमोर कट्ट्यावर काढलेल्या धारोष्ण दुधाची कोल्हापुरी रीत याच म्हशीवर चालत आली. जोडीला खिलार बैल. कार्तिकी यात्रेत वाखरीच्या माळावर जनावरांचा बाजार भरतो, तिथं खिलार खोंडाचा आणि पंढरपुरी म्हशीचा सौदा अजून होतो. रोजचं दूध मात्र आता संकरित गाईंचं, आणि त्या गाईंच्या मुरघासासाठी इथंही मका वाढला आहे.

पाहुण्यांचा बाजार

आता शहर. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार मोठ्या वाऱ्या. शिवाय दर एकादशीला महिन्याचे वारकरी. आणि अलीकडे शनिवार-रविवारी गाड्या करून येणारी कुटुंबं. यांच्यावर शहराचा संसार चालतो. कुरडुवाडीहून पंढरपूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ मध्ये आली, तेव्हापासून पायी न येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. आता पालखी मार्ग चौपदरी महामार्ग होत आहेत.

यात्रेकरू परत जाताना काय नेतो? चुरमुरे, बत्तासे, पेढे, कुंकू, बुक्का, तुळशीची माळ, एखादी तसबीर, टाळांचा जोड. भात इथं पिकत नाही, तरी चुरमुऱ्याच्या भट्ट्या इथं पेटतात. हळद सांगलीकडून येते, कुंकू इथं होतं. तुळशीच्या काष्ठाचे मणी कातून माळा ओवण्याचं काम काशीकापडी समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. वस्तू लहान, नफा लहान, पण हात पुष्कळ लागतात. याशिवाय घरं. आषाढीत पंढरपूरकर आपलं घर खोल्या-खोल्यांनी यात्रेकरूंना देतो आणि स्वतः एका खोलीत आवरून घेतो. फडांचे आणि दिंड्यांचे मठ वेगळे.

या बाजाराचं एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभावं असं आहे. आषाढीचा वारकरी बहुतेक शेतकरी असतो आणि पेरणी उरकून निघतो. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात पाऊस वेळेवर झाला, पेरण्या साधल्या, तर त्याचा हात सैल असतो. पाऊस लांबला तर तो येतो, पण दर्शन घेऊन परततो. दुकानापुढं थांबत नाही. म्हणजे पंढरपुरातल्या कुंकवाच्या दुकानाचा गल्ला परभणीच्या पावसावर भरतो किंवा रिकामा राहतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळं पादुका एसटीनं आल्या, वारकरी आले नाहीत. शेती तेव्हाही चालली, शहर मात्र बसलं. तालुक्याच्या दोन अर्थव्यवस्था एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, हे त्या दोन वर्षांत दिसलं.

विठ्ठल मंदिराचा कारभार पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ नुसार सरकारनं नेमलेल्या समितीकडे आहे. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणाऱ्या या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. आता वाद आहे तो मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरचा. गर्दीच्या दृष्टीनं मोकळी जागा हवी हे खरं. पण त्या अरुंद गल्ल्यांतच हा सगळा लहान व्यापार वसलेला आहे. रस्ता रुंद झाला आणि दुकानदार गावाबाहेर गेला, तर यात्रेकरू वाढूनही गावात पैसा उरणार नाही.

जाणारे

पाणी पुण्याकडून येतं आणि पोरं पुण्याकडं जातात. बारावी किंवा आयटीआय झालेला मुलगा चाकणला, हडपसरला, हिंजवडीला लागतो. दोन-तीन एकरांत दोन भावांचा संसार भागत नाही. एकजण जातो, दुसरा ऊस सांभाळतो. गेलेला दिवाळीला आणि लग्नसराईत येतो, आणि पाठवलेल्या पैशांतून बोअर, ट्रॅक्टर किंवा घराचा स्लॅब होतो.

आयोवानं हा प्रवास आपल्याआधी केला. १९०० मध्ये तिथं २२ लाख माणसं होती, आज ३२ लाख. सव्वाशे वर्षांत दीडपटसुद्धा नाही. खेड्यांतले कितीतरी परगणे आज १९०० पेक्षा रिकामे आहेत. शेतं मोठी होत गेली, घरं बंद पडत गेली, मग शाळा एकत्र झाल्या, मग किराणा दुकान गेलं. उत्पादन मात्र वाढतच राहिलं. पीक भरभरून आलं म्हणून गाव टिकतंच असं नाही, हा आयोवाचा धडा आहे. आपल्याकडे जमीन विकली जात नाही, तुकडे मात्र होतात. त्यामुळे गावं रिकामी होण्याऐवजी म्हातारी होतील, अशी चिन्हं आहेत.

निकाल

पंढरपूर तालुक्याचं मोजमाप आजवर टनांत झालं. गाळप किती, उतारा किती, आषाढीला गर्दी किती. हे आकडे खोटे नाहीत, पण ते आलेल्याची मोजदाद करतात, राहिलेल्याची नाही. ज्या तालुक्याचं पाणी, पाहुणे आणि मजूर तिन्ही बाहेरून येतात, त्यानं प्रश्न असा विचारायला हवा: आलेल्या प्रत्येक लिटरमागे, प्रत्येक यात्रेकरूमागे आणि प्रत्येक कोयत्यामागे इथं काय उरलं?

या कसोटीवर बेदाणा उतरतो, मालदांडी उतरते, कडब्यावर दूध देणारी म्हैस उतरते, माळा ओवणारे हात उतरतात. पाटपाण्यावरचा आडसाली ऊस उतरत नाही. आणि ज्याच्या लेकरांची शाळा सुटते तो कोयताही तालुक्याच्या जमेच्या बाजूला मांडता येत नाही. ऊस बंद करा असं म्हणणं सोपं आणि निरुपयोगी आहे, कारण तो शेतकऱ्याला उगाच धरून बसलेला नाही. हमीचा दर त्याला धरून आहे. ती हमी ज्वारीला, करडईला आणि ठिबकवरच्या पिकांना मिळाली, आणि कालव्याचं पाणी एकरावर न देता मोजून दिलं, तर शेतकरी आपण होऊन पीक बदलेल. वरची शहरं वाढत आहेत आणि त्यांची तहानही. उजनीत येणारं पाणी यापुढे वाढण्याची शक्यता नाही. तेव्हा हा बदल पंढरपूरनं आपल्या सवडीनं करायचा की टंचाईनं करायला लावायचा, एवढीच निवड उरली आहे.